पट्टीवर ‘निल’, मशीनवर 46

प्रश्न : बाबांना बरीच वर्षं शुगर आहे. लघवीच्या पट्टीवर प्रोटीन ‘निल’ आलं, तरी डॉक्टरांनी मायक्रोअल्ब्युमिन करायला लावलं. त्यात अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो 46 आला, खाली ‘नेफेलोमेट्री’ लिहिलंय. खरा रिपोर्ट कोणता?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : दोन्ही खरे. अल्ब्युमिन हे रक्तातलं एक प्रोटीन; लघवीत ते लिटरमागे साधारण 150 मिलिग्रॅमच्या खाली असलं, तर पट्टीचा रंग बहुधा बदलतच नाही. किडनीचा त्रास मात्र त्याआधीच सुरू झालेला असू शकतो.

मी धंतोलीतल्या लॅबमध्ये लागले तेव्हा आम्ही लघवीत सल्फोसॅलिसिलिक ॲसिड घालून नळीमागे छापील कागद धरायचो. अक्षरं पुसट दिसली तर प्रोटीन आहे, दिसेनाशीच झाली तर भरपूर आहे. नेफेलोमेट्रीतही गढूळपणाच मोजतात, पण फक्त अल्ब्युमिनला चिकटणारी अँटिबॉडी घालून. दोघांचे बारीक पुंजके होतात, त्यांच्यावर पडलेला प्रकाश बाजूला फाकतो, आणि तो किती फाकला ते मशीन मोजतं. रक्तातली इम्युनोग्लोब्युलिन्सही (रोगाशी लढणारी प्रोटीन्स) अशीच मोजता येतात. तिथे आदल्या रात्रीच्या सावजी जेवणाने सीरम (गोठलेल्या रक्तातून वेगळं होणारं पाणी) दुधाळ झालं, तर चरबीही प्रकाश फाकवते आणि आकडा बिघडतो.

मशीनलाही चकवा बसतो. अल्ब्युमिन अतोनात असलं की अँटिबॉडी अपुरी पडते, मोठे पुंजके जमतच नाहीत, आणि आकडा उलट कमी येतो. पट्टीवर तीन प्लस आणि मशीनवर किरकोळ आकडा दिसला, की नमुना पातळ करून पुन्हा लावावाच लागतो. म्हणून पट्टीला टाकाऊ म्हणणाऱ्यांशी मी आजही भांडते.

आता 46 चं. क्रिएटिनिन हा स्नायूंतून येऊन लघवीवाटे रोज साधारण सारखाच बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ. त्याच्या एका ग्रॅममागे अल्ब्युमिन 30 मिलिग्रॅमच्या आत असलं तर ठीक. 30 ते 300 म्हणजे लक्ष घालायची वेळ. मे महिन्यात आपल्याकडे लघवी घट्ट होते, म्हणूनच क्रिएटिनिनने भागतात. पण ताप, लघवीचं इन्फेक्शन, आदल्या दिवशीची दमछाक यांनीही आकडा चढतो. त्यामुळे एका रिपोर्टवर शिक्का मारू नका. तीन ते सहा महिन्यांत तीन नमुने द्या, सकाळच्या पहिल्या लघवीचे. दोन वाढलेले निघाले तर ते खरं धरतात. या टप्प्यावर किडनीची झीज मंदावणारी औषधं आहेत, तेव्हा पुढच्या भेटीला बाबांच्या बीपीच्या नोंदीही डॉक्टरांना दाखवा.