फिरायला गेलो की भांडणंच होतात

"सुट्टीत सगळे मिळून फिरायला जातो, एवढा खर्च करतो, आणि परतीच्या गाडीत कुणी कुणाशी बोलत नाही. आमच्यात काही बिघडलंय का?" दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी संपली की समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. विचारणारी बहुतेक वेळा आई असते. अशा बऱ्याच घरांतली माणसं एकमेकांना धरून असतात, पण फिरायला गेल्यावर सगळा दिवस एकटीच्या डोक्यावर असतो.

एका कुटुंबाचा अनुभव त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घर पुण्यातलं. आई बँकेत, बाबा सॉफ्टवेअरमध्ये, मुलगी नववीत, आणि बाबांचे वडील. आदल्या सुट्टीत त्यांनी दोन दिवसांत गणपतीपुळे, जयगड, हेदवी, वेळणेश्वर, गुहागर आणि फेरीबोटीने खाडी ओलांडून दापोली एवढं सगळं 'केलं' होतं. हेदवीच्या बामणघळीत लाट कपारीत शिरून उंच उसळते, पण ती भरतीला. हे पोचले ओहोटीला. भर उन्हात खडकांवरून चालताना आजोबांचा पाय मुरगळला, नेमका तेव्हाच बाबांना ऑफिसचा फोन आला, मुलगी गाडीतून उतरलीच नाही. रात्री लॉजवर आई न्हाणीघरात नळ सोडून रडल्या.

पहिल्या भेटीत नवराबायको दोघांना मी एकेक कागद दिला. त्या दिवशी उठल्यापासून काय काय केलंत ते लिहा, आणि जे नुसतं डोक्यात चालू होतं तेही लिहा. बाबांचा कागद लवकर संपला: गाडी चालवली, पेट्रोल भरलं, बिलं दिली. आईंच्या कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. आजोबांच्या जेवणाआधीच्या आणि नंतरच्या गोळ्या. मुलीची पाळी त्याच दिवसांत येणार म्हणून घेतलेलं सामान. ओले कपडे कुठे वाळत घालायचे. कमी तिखटाचं जेवण कुठे मिळेल. खोली किती वाजता सोडायची. आणि सगळ्यात खाली, "सगळ्यांना मजा येतेय ना".

बाबांनी तो कागद दोनदा वाचला. म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर मी केलं असतं." ते मनापासून म्हणत होते. पण माणूस दमतो तो या सांगण्यातच. गोळी कुणीही देईल. गोळीची आठवण कुणाला ठेवावी लागते, हा खरा प्रश्न आहे. म्हणून मी कामं वाटायला सांगत नाही, अख्खा विषय सोपवायला सांगते. आठवण, निर्णय आणि चूक झाली तर ती निस्तरणं, हे सगळं त्या माणसाकडे.

मुलीशी मी वेगळं बोलले. ती म्हणाली, "आई सारखी विचारते, मजा येतेय का. नाही म्हटलं की तिचा चेहरा पडतो. मग मी फोन काढून बसते." मोबाइलबद्दल तक्रार करणाऱ्या आईबाबांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. मूल कित्येकदा फोनमध्ये शिरतं ते आपल्या अपेक्षेपासून सुटायला.

पुढच्या सुट्टीसाठी आम्ही तिघांनी बसून ठरवलं: एकच गाव, दोन रात्री, मधला दिवस रिकामा. गाव गुहागर. किनारा लांब आणि सपाट, सुरूची सावली, आणि राहायचं घर वाडीतलं, जिथून समुद्रावर पायी जाता येतं. आजोबांच्या गोळ्या आणि सगळ्यांचं जेवण बाबांकडे. ऑफिसचा फोन दुपारी एक तास, आणि ते घरात सगळ्यांना आधीच माहीत. किनाऱ्यावर न्यायची पिशवी मुलीकडे. समुद्रावर कधी जायचं ते आजोबांकडे.

आजोबा लहानपणी कोकणात वाढलेले. त्या दिवशी पंचमी होती. त्यांनी पाऊणकी म्हटली, पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पूर्ण भरती पावणेचारच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी साडेनऊच्या आसपास. तिथीची पाऊणपट हा किनाऱ्यावरचा जुना अंदाज आहे. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्याच हिशोबावर तो चालतो. नातीने फोनवर पडताळून पाहिलं आणि पहिल्यांदा आजोबांना म्हणाली, "हे मला शिकवा." ओहोटीचं पाणी आत ओढतं, तेव्हा पाण्यात उतरायचं नाही, हेही त्यांनीच बजावलं. सकाळी ओल्या वाळूवर दोघं कुर्ल्यांची बिळं बघत लांब गेली. पाण्यात सगळे उतरले ते पाणी चढायला लागल्यावर, तेही गुडघ्याएवढ्याच.

मुलगी टॉवेल विसरली होती. आईंनी मला नंतर सांगितलं, त्या क्षणी गप्प राहणं त्यांना फार जड गेलं. त्या गप्प राहिल्या. सगळे उन्हात बसून वाळले. दुपारी मुलगी म्हणाली, कंटाळा आला. आईंनी काहीच सुचवलं नाही, त्या झोपल्या. कंटाळ्यावर लगेच उपाय शोधायची गरज नसते. मुलगी माडाखाली लोळली, मग घरमालकीणबाईंकडे जाऊन घावन घालायला शिकली.

एक आग्रह मी आधीच धरला होता: त्याच संध्याकाळी निघायचं नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि सहकाऱ्यांचा १९९३ सालचा एक प्रयोग आहे. लोकांनी एकदा हात एक मिनिट थंडगार पाण्यात धरला. दुसऱ्यांदा तेवढाच वेळ धरला, आणि वर अर्धा मिनिट किंचित कमी गार पाण्यात. पुन्हा कोणता अनुभव घ्याल असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचा निवडला, कारण त्याचा शेवट थोडा सुसह्य होता. सहलीचा शेवट आपण कसा करतो? बॅगा, खोली सोडण्याची घाई, "चला, उशीर झाला." मग आठवण तीच राहते. हे कुटुंब रात्री निवांत जेवलं आणि दुसऱ्या दिवशी न्याहारी करून निघालं.

अशा दिवसाने सगळंच सुटतं असं मी म्हणणार नाही. घरात कुणाची भीती वाटत असेल, अपमान किंवा मारहाण होत असेल, तर प्रश्न सहलीचा नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तरीही वाट पाहू नका. १४४१६ ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

या कुटुंबाशी माझ्या भेटी अजून चालू आहेत. आता बोलणं रोजच्या दिवसांवर आलंय. आजोबांच्या गोळ्या बाबांकडेच राहिल्यात. सकाळचे डबे मात्र अजून आईंच्याच डोक्यात असतात, आणि ते कुणी घ्यायचे यावर मागच्या भेटीत तिघांचं चांगलंच वाजलं. सध्या मंगळवार आणि गुरुवार बाबांचे ठरलेत.