भेंडी, मशरूम आणि रानपिंगळा : तुमचे प्रश्न

प्र. भाऊ, कपाशीच्या बांधाला घरच्यापुरती भेंडी लावली तर शेजारचे काका म्हणे उपटून टाक, दोन्ही एकाच कुळातल्या, बोंडअळी येईल. मला तर दोन्हीत काहीच सारखं दिसत नाही. हे कूळ ठरवतात कशावरून? (एक वाचक, चोपडा)

उ. दादा, पानं न फळं जरा बाजूला ठेवा आणि सकाळी दोन्हीची फुलं तोडून शेजारी शेजारी ठेवा. देशी कपाशी असेल तर अजूनच मजा, दोन्ही फुलं पिवळी, आत तळाशी गडद लाल डाग, पाच पाकळ्या एकमेकींवर चढलेल्या आणि पुंकेसर सुटे नाहीत, सगळे चिकटून त्यांची एक नळी झालेली. दारची जास्वंद बघा, अंबाडी बघा, तीच नळी. वनस्पतींना नावं देणारा स्वीडनचा शास्त्रज्ञ लिनियस, त्याने 1753 साली झाडांची पुस्तकं लिहिली तेव्हा पुंकेसर मोजून न ते कसे जुळलेत ते बघून गट पाडले होते, त्याचे बरेच गट पुढे मोडले पण हा टिकला, भेंडीला तर त्याने सरळ जास्वंदीच्याच प्रजातीत (genus, म्हणजे कुळाच्या आतला लहान गट) घातलं होतं, ती वेगळी झाली नंतर. आता डीएनए तपासूनही ही सगळी मंडळी एकाच कुळात बसतात, म्हणजे यांचा पूर्वज एक.

काकांचं म्हणणं खरंच आहे. ठिपक्यांची बोंडअळी भेंडीत मजेत जगते, गुलाबी पण भेंडीवर येते. पण नुसतं कूळ बघून निर्धास्त राहू नका बरं का, हिरवी बोंडअळी तूर, हरभरा, टमाटे सगळं खाते, तिला कुळाशी काही देणंघेणं नाही. आणि गंमत म्हणजे काही जण भेंडी मुद्दाम लावतात, सापळा पीक म्हणून, अळी आधी तिकडे यावी यासाठी. फक्त किडकी भेंडी रोज तोडून नष्ट करायची, हे होणार नसेल तर मग काकांचं ऐका.

प्र. श्रावणात मशरूम चालतं का? सासूबाई म्हणतात ती भाजी नाहीच. (एक ताई, भुसावळ)

उ. ताई, चालतं का ते तुमच्या घरात ठरवा, मी सासू-सुनेत पडत नाही 😄 पण वनस्पती नाही हे नक्की. व्हिटाकर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1969 साली सजीवांच्या पाच सृष्टी (सर्वांत मोठे गट) मांडल्या त्यात बुरशीला स्वतंत्र जागा दिली. मशरूमला हरितद्रव्य नाही आणि पेशीभित्तिका कायटिनची, खेकड्याच्या कवचात असतं तेच. नात्याने ते झाडांपेक्षा प्राण्यांना जवळचं. पण म्हणून मांसाहार होत नाही.

प्र. मुलगा स्पर्धा परीक्षा देतोय. रानपिंगळ्याचं नाव एका पुस्तकात हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी, दुसऱ्यात अथेनी ब्लेविटी. बरोबर कोणतं? (एक वाचक, शहादा)

उ. शहाद्यावरून हा प्रश्न आला याचा आनंद वेगळाच, कारण 1884 नंतर हा पक्षी खात्रीने कुणाला दिसलाच नव्हता, संपला असंच धरून चालले होते, आणि 1997 साली पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सोबत्यांना तो सापडला तुमच्याच शहाद्याजवळ! पक्षी अभ्यासक ह्यूमने 1873 साली त्याला स्वतंत्र प्रजाती दिली, ती हेटेरोग्लॉक्स. आपल्या आंब्यावर बसणारा साधा पिंगळा अथेनी प्रजातीतला. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पंजे दणकट, भर दिवसा शिकार करतो, म्हणून वेगळा वाटला. पुढे डीएनए तपासला तर तो अथेनीच्याच घरातला निघाला, म्हणून नवीन याद्यांत अथेनी येतं. जुनं पुस्तक खोटं नाही, जुनं आहे एवढंच. ब्लेविटी हा शब्द दोन्हीकडे तोच, तो आधी पाठ करायला सांगा, आणि पर्यायांत दोन्ही नावं आली तर अथेनीवर खूण.