पावसाळ्याच्या तोंडावर 62 हजारांचा लोड बॉक्स घ्यावा का?

प्रश्न: मी फोंड्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. सीझनमध्ये कळंगुट-बागा पट्ट्यातल्या हॉटेलांत गिटार वाजवतो, शिवाय घरी इतरांच्या गाण्यांसाठी गिटारचे ट्रॅक रेकॉर्ड करून देतो. एका ट्रॅकचे 2,500 रुपये मिळतात. माझा 20 वॉटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प रात्री लावला की शेजारी तक्रार करतात. म्हणून लोड बॉक्स, म्हणजे आवाज न करता अ‍ॅम्प चालवण्यासाठी स्पीकरऐवजी जोडायची पेटी, घ्यायचाय. कॅबिनेट सिम्युलेशनसकट (स्पीकरच्या पेटीच्या आवाजाची नक्कल) टॉर्पेडो कॅप्टर एक्स 62,000 ला मिळतोय, साधा लोड बॉक्स 28,000 ला. कॅप्टर एक्स 12 महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊ, की 70,000 ची एफडी मोडू? सीझनमध्ये महिन्याला 35,000 मिळतात, जून ते सप्टेंबर शिकवण्यांचे 15,000. खर्च 22,000.

उत्तर: दोन्ही नको. निदान आत्ता तरी नको.

आधी तुमचा पावसाळा मांडू. जूनपासून दरमहा 7,000 ची तूट, चार महिन्यांत 28,000. एफडीतून ती भरली तरी ऑक्टोबरात 42,000 हाताशी राहतात. आता त्यात साधारण 5,200 चा हप्ता घाला. तूट होते 12,200, चार महिन्यांची 48,800. उरतात 21,200, म्हणजे एका महिन्याचा खर्चही पुरा निघत नाही. एफडी मोडलीत तर आठ हजारच उरतील आणि दुसऱ्याच महिन्यात उसनवारी सुरू होईल. मुदतीआधी मोडल्याने बुडणारं व्याज किरकोळ आहे, माझी हरकत त्याला नाही. ही एफडी म्हणजे तुमचे पावसाळ्याचे चार महिने आहेत.

‘नो-कॉस्ट’ हा शब्दही तपासून घ्या. बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट किमतीत देतो. त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बहुधा तुमच्याच माथी येते. आणि पावसाळ्यात एखादं कार्डाचं बिल थकलं, तर थकबाकीवर वर्षाला 40 टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं.

आता वस्तूकडे वळू, कारण खरी बचत तिथेच आहे. 62,000 मध्ये तुम्ही दोन कामं विकत घेताय. पहिलं काम लोडचं. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प स्पीकर न जोडता चालवला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, म्हणून स्पीकरच्या जागी अ‍ॅम्पची ताकद झेलणारं काहीतरी लागतंच. याला सॉफ्टवेअरचा पर्याय नाही. दुसरं काम कॅबिनेटच्या आवाजाचं. गिटारचा स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने कापतो. तो मध्ये नसला तर डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा मुद्दाम फाटवलेला आवाज, डब्यात कोंडलेल्या गांधीलमाश्यांसारखं कानात घुसतं. पण हे काम आज कॉम्प्युटर फुकट करतो. स्पीकर, कॅबिनेट, माइक आणि माइकची जागा, या सगळ्याचा ठसा एका छोट्या वेव्ह फाइलमध्ये पकडलेला असतो. तिला इम्पल्स रिस्पॉन्स, आयआर म्हणतात. ती उघडायला नॅडआयआर हा प्लगइन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम, मोफत आहे. आयआरही मोफत मिळतात, आणि सेलेशनसारखी स्पीकर बनवणारी कंपनी स्वतःच्या स्पीकरांचे विकते. तेव्हा साधा लोड बॉक्स, त्याच्या लाइन आउटमधून ऑडिओ इंटरफेस (आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारी पेटी) आणि पुढे आयआर, एवढ्यावर तुमचं घरचं रेकॉर्डिंग भागतं. कॅप्टर एक्ससारखी पेटी कॉम्प्युटरशिवाय स्टेजवर वापरायची असेल तर तिचं मोल वेगळं. तुमचा प्रश्न घरचा आहे.

परतफेडीचा हिशोबही हेच सांगतो. रात्री रेकॉर्ड करता आलं म्हणून महिन्याला एक ट्रॅक जास्त मिळाला, असं धरू. 28,000 सव्वाअकरा महिन्यांत वसूल होतात. 62,000 ना दोन वर्षं पुरत नाहीत.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात सुटली आहे. रात्री रेकॉर्ड करायची पाळी येते ती सीझनमध्ये. पावसाळ्यात किनाऱ्यावरचे शॅक उतरलेले असतात, हॉटेलांचं काम थंडावतं, म्हणजे दुपार तुमच्या हातात असते. तेव्हा अ‍ॅम्पसमोर माइक लावा, जमल्यास कोणाकडून शुअर एसएम57 हा माइक मागून आणा. समोरच्या पत्र्यांवर पाऊस कोसळत असेल तर हळुवार तुकडे थांबवा, जोरकस रिफ चालून जातील.

त्याच दिवसांत एक चाचणी घ्या, मी आग्रहाने सांगतो. एकच तुकडा दोनदा वाजवा, एकदा अ‍ॅम्प आणि माइकवर, एकदा गिटार थेट इंटरफेसमध्ये घालून न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर या अ‍ॅम्पची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर. हेही मोफतच आहे, सोबत आयआर लावा. दोन्ही फाइलींचा आवाज एका पातळीवर आणा, नावं फक्त ‘अ’ आणि ‘ब’ ठेवा आणि नेहमी काम देणाऱ्या दोघा-तिघांना पाठवा. त्यांना फरक जाणवला नाही किंवा मॉडेलरचा ‘ब’ आवडला, तर 28,000 सुद्धा खर्चू नका. तुम्हाला स्वतःला अ‍ॅम्पखेरीज वाजवताना मजा येत नसेल, तर तेही कारण मी खरं मानतो. वाजवणाऱ्याच्या बोटांना काय वाटतं ते ट्रॅकमध्ये उतरतं. पण ते कारण रोख पैशाने पुरं करा.

त्याचा मार्ग सोपा आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दरमहा 13,000 उरतील, त्याचे 26,000 होतात. वरचे दोन हजार डिसेंबरातून घाला आणि साधा लोड बॉक्स रोखीने घ्या. एफडीतले 42,000 तसेच राहू द्या, जानेवारीपासून त्यात पुन्हा भर घाला. दुकानातून पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी लेखी घ्या. ऑर्डर देण्याआधी अ‍ॅम्पच्या पाठीमागे स्पीकरच्या सॉकेटजवळ 8 ओम लिहिलंय की 16 ते वाचा. लोड बॉक्स त्याच आकड्याचा हवा, आणि 20 वॉटच्या अ‍ॅम्पला पुरून उरेल एवढ्या वॉटचा.