रात्री तीनला उघडणारं ऑफिस

पत्र (थोडक्यात) : वय ४४. ठाणे ते सीएसएमटी रोजची लोकल, बँकेत नोकरी. मुलगी दहावीला, सासऱ्यांना मधुमेह, सासूबाईंचे टोमणे अखंड. मान आखडते, चिडचिड होते, छातीत धडधडतं. तेव्हा जोरजोरात श्वास घेते, तर बोटांना मुंग्या येतात. ध्यानाचं अ‍ॅप घेतलं, उपयोग शून्य. नवरा बिचारा चांगला आहे, सांगितलेलं सगळं करतो. रात्री तीनला जाग येते तेव्हा मोबाइलवर उद्याच्या कामांची यादी करते, तेवढाच काय तो निवांत वेळ. ताण कमी कसा करू? – थकलेली, ठाणे

ताई, सासूबाईंना तुम्ही दीड पान दिलंत आणि यादीला एक ओळ. मी ती ओळ धरणार आहे. टोमण्यांनी डोकं उठतं हे खरं, पण रात्री तीनला तुम्हाला उठवायला काही सासूबाई येत नाहीत.

निवांत वेळ कसला? बँकेची एक पाळी, घरची दुसरी, आणि ही तिसरी.

नुसती जाग येणं हा आजार नव्हे. झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं. गाढ झोप बरीचशी पहिल्या काही तासांत उरकते, पहाटेकडे झोप पातळ होत जाते आणि शरीराला दिवसासाठी तयार करणारं कॉर्टिसोल वाढू लागतं. त्या सुमारास अनेकांचे डोळे क्षणभर उघडतात, कूस बदलली की परत मिटतात. तुम्ही मोबाइल उचलता. रोज उचललात, मेंदू शिकला की तीनला ऑफिस उघडतं. आता त्याला गजरही लागत नाही. मग दिवसभर चिडचिड, संध्याकाळी तरतरीसाठी चहा. त्यातलं निम्मं कॅफिन शरीरातून जायला सुमारे पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या चहाचा हिशेब अकरालाही चालूच.

आणि ते ‘बिचारा’! सांगितलेलं काम कुणीही करेल. काय संपलंय, कधी आणायचं, कुणाला सांगायचं, झालं का, ही सगळी राखण तुमच्या डोक्यात आहे. नवऱ्याला ती दिसणार कशी? यादी तुमच्या मोबाइलमध्ये, तीही तो घोरत असताना केलेली.

तेव्हा यादी तिथून काढा. आजपासून रोज रात्री साडेनऊला, जेवणाच्या टेबलावर, कागदावर, नवऱ्याला समोर बसवून. १५ मिनिटं, बस. ‘बाबांची औषधं’ एवढंच लिहू नका. ‘साखरेच्या गोळ्यांची पट्टी शनिवारी संपते, शुक्रवारी येताना आणणे’ असं लिहा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या २०१८ मधल्या अभ्यासात झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. मोघम ओळ डोक्यात वळवळत राहते.

नवऱ्याला सुटी कामं देऊ नका, अख्खं खातं द्या. सासऱ्यांची औषधं, साखर तपासणी आणि डॉक्टरची तारीख त्याच्याकडे. वडील त्याचेच आहेत. दूध-भाजीही त्याच्याकडे.

मोबाइल रात्री हॉलमध्ये चार्जिंगला. गजराला साधं घड्याळ आणा आणि त्याचं तोंड भिंतीकडे करा, कारण ‘तीन वाजले, आता तीनच तास राहिले’ हा हिशेबच झोप घालवतो. अंदाजे २० मिनिटांत डोळा लागला नाही तर अंथरुणात तळमळू नका. उठा, मंद दिव्यात खुर्चीवर बसून काहीतरी कंटाळवाणं वाचा, पापण्या जड झाल्या की परत या. एखादं काम आठवलंच तर चिठ्ठीवर एक शब्द, पुढचं साडेनऊला. सकाळी उठायची वेळ रोज एकच, रविवारीसुद्धा. पहिला आठवडा वाईट जाईल, आणि बहुतेक लोक नेमके तेव्हाच सोडतात. निदान तीन आठवडे नेटाने करा.

मुंग्यांचं कारण सोपं आहे. भराभरा खोल श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. चार मोजेपर्यंत नाकाने आत, सहा मोजेपर्यंत सावकाश बाहेर. पाच मिनिटं, आणि धडधड नसताना. लोकलमध्ये बसायला मिळालं तर तिथे. सराव नसेल तर ऐन वेळी जमत नाही.

धडधडीसाठी ईसीजी, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन याच आठवड्यात तपासून घ्या. रात्री घाम फुटून जाग येत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा, पाळी जाण्याआधीच्या वर्षांत तसं होतं. मन फारच खचलं तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी नवरा दूध आणायला विसरेल. आठवण करू नका, गुपचूप आणूही नका. सगळ्यांना कोरा चहा द्या. सासूबाई बोलतील, तेव्हा दुधाचं खातं कुणाकडे आहे ते त्यांना सांगा.