उकिरडा, डम्पिंग आणि क्षेपणभूमी

गोवंडीच्या एका वाचकांनी विचारलं आहे : मुंबईचा कचरा जिथे टाकतात त्या जागेबद्दल मुलीने निबंधात ‘देवनारचा उकिरडा’ असं लिहिलं, शिक्षकांनी ते खोडून ‘क्षेपणभूमी’ केलं. ‘उकिरडा’ अशुद्ध आहे का?

मुळीच नाही. संस्कृतात ‘उत्कर’ म्हणजे उकरून काढलेल्या मातीचा, केराचा ढीग. यज्ञात वेदी तयार करताना निघालेली माती जिथे टाकत, त्या जागेलाही उत्करच म्हणत. प्राकृतात त्याच कुळातला ‘उक्कुरुड’ सापडतो आणि तिथून आपण उकिरड्यापर्यंत येतो. शेजारी गुजराती घर असेल तर त्यांचा ‘उकरडो’ ऐकून पाहा.

पण अर्थाकडे नीट बघायला हवं. उकिरडा म्हणजे नुसता ढीग नव्हे. शेण, चुलीतली राख, पालापाचोळा, गोठ्यातलं उरलंसुरलं वैरण असं सगळं तिथे पडतं, कुजतं, आणि पावसाळ्याआधी खत होऊन शेतात जातं. कोकणातली माणसं याच जागेला गायरी म्हणतात. उकिरड्याला घर असतं, मालक असतो, तो दरवर्षी उपसला जातो. ‘बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात’ ही म्हण याच जगातली. पांग म्हणजे दैन्य, उणीव. ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही त्याचेही दिवस पालटतात, हे सांगायला आपल्या लोकांनी उकिरडा निवडला, कारण त्याचं सोनं होताना त्यांनी पाहिलं होतं. ‘उकिरडे फुंकत हिंडणे’सारखे हिणवणारे प्रयोगही आहेतच, पण मला ही म्हण जास्त मोलाची वाटते.

देवनारला १९२७पासून कचरा पडतो आहे. बारा वर्षं कितीदा तरी उलटली, तरी तो ढीग काही खत होऊन शेतात गेला नाही. प्लॅस्टिक, काच, रबर, कापड यांचं खत होत नाही. २०१६च्या जानेवारीत तिथे आग लागली तेव्हा धुराने आसपासच्या वस्त्यांचा श्वास कोंडला होता. म्हणून मूळ अर्थाने देवनार उकिरडा नाही. मात्र ‘अस्ताव्यस्त घाण’ हा विस्तारलेला अर्थही भाषेत पक्का रुजला आहे. ‘खोलीचा उकिरडा केलास’ असं आई म्हणतेच. त्या अर्थाने मुलीचं वाक्य चालतं, लाल रेघेची गरज नव्हती.

‘क्षेपणभूमी’ हा सरकारी कागदांतला शब्द. क्षेपण म्हणजे फेकणे, तेव्हा व्युत्पत्ती ठीक आहे. पण ‘क्षेपणास्त्र’ कानात बसलेल्या वाचकाला ती अस्त्र सोडायची जागा वाटते. वर्तमानपत्रांतला ‘कचराभूमी’ मला सरस वाटतो, ऐकताक्षणी कळतो. बोलण्यात मात्र मुंबई ‘डम्पिंग’च म्हणते : देवनारचं डम्पिंग, मुलुंडचं डम्पिंग. जुन्या तोंडी ‘कचरापट्टी’ही आहे. संवादात हे दोन्ही बेलाशक लिहावेत, निबंधात कचराभूमी.

एक भेद मात्र कटाक्षाने पाळा. पाडलेल्या चाळीच्या विटा, सिमेंट, फुटक्या लाद्या यांच्या ढिगाला उकिरडा म्हणू नये. तिथे कुजण्यासारखं काहीच नसतं. मुंबईकर त्याला ‘डेब्रिज’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘राडारोडा’ हा नेमका शब्द आहे, तो वापरा.