नाशिकच्या अंबड एमआयडीसीत कारखान्यात नवीन लागलास, म्हणून सांगतो

पहिल्या महिन्यातच टूलरूम, स्टोअर आणि क्वालिटीच्या माणसांशी समोर जाऊन बोल. शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला प्रश्न सगळे बघतात आणि प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणी उत्तर देईल. ज्याच्याबरोबर चहा घेतलास, तो मात्र मशीनपाशी येऊन सेटिंग दाखवतो. ग्रुप निरोपापुरता ठेव. ड्रॉइंगचे फोटो तिथे मुळीच टाकू नकोस.

लिंक्डइनवर सातपूर, सिन्नरच्या कारखान्यांकडे गेलेले जुने सोबती जोडून ठेव. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ सालीच मांडलं होतं की, नोकरीची बातमी बरेचदा दूरच्या ओळखीतून येते; जवळच्यांना आपल्याइतकंच माहीत असतं. त्यामुळे त्या लोकांना काम नसतानाही अधूनमधून फोन कर.