डुकरीण अडवून ठेवली, पण तो अंगठा कशाला दाखवलात?

प्रश्न : मुरबाड तालुक्यात माझं छोटं वराहपालन आहे. इतरांच्या माद्याही मी घेतो. माजावर आलेली मादी माझ्या यॉर्कशायर नराकडून भरवून देतो, किंवा गाभण मादी ठेवून घेऊन तिची वीण करतो आणि पिल्लं दुधावरून तुटली की परत देतो. भिवंडीकडच्या एका मालकाने दोन गाभण माद्या ठेवल्या. मादीमागे 6,500 रुपये, खाद्य धरून, असं फोनवर ठरलं. पहिली व्याल्यावर तिसऱ्या दिवशी मेली. मी तिला पुरली आणि तिची सहा पिल्लं माझ्या मादीखाली लावली. दुसरीला अकरा झाली, त्यातली चार तिच्याच अंगाखाली चेंगरली. मालक पैसे देत नाही. उलट 60,000 रुपये भरपाई मागतो आणि चोरीची तक्रार करीन म्हणतो. त्याच्याकडे मागच्या वर्षीचेही 4,000 येणं आहे. मी मादी आणि तेराही पिल्लं अडवून ठेवली आहेत. विकून पैसे वळते करू का?

उत्तर : विकू नका. नोटीस देऊनही नाही आणि ‘फक्त चार पिल्लं’ही नाही.

दुसऱ्याची वस्तू एखाद्या कामासाठी ताब्यात घ्यायची आणि काम झालं की परत करायची, या व्यवहाराला वकिली भाषेत बेलमेंट म्हणतात. भारतीय करार कायदा, 1872 मध्ये कलम 148 पासून त्याचे नियम आहेत. शिंप्याकडे टाकलेलं कापड, गॅरेजला लावलेली रिक्षा आणि तुमच्या शेडमधली मादी कायद्याच्या लेखी एकाच रांगेत बसतात. करार तोंडी होता म्हणून काही बिघडत नाही.

पिल्लांचं उत्तर तर कायद्याने उदाहरणासकट देऊन ठेवलं आहे. कलम 163 खाली लिहिलंय : एकाने गाय दुसऱ्याकडे सांभाळायला ठेवली, तिला वासरू झालं, तर गायीबरोबर वासरूही परत द्यायचं. गायीच्या जागी डुकरीण वाचा. शेळ्या निम्म्या वाट्याने देतात तसं तुमच्यात ठरलं असतं तर वाटा मागता आला असता. तुमचा दर रोख ठरला होता, त्यामुळे तेराही पिल्लं त्याची.

आता अडवून ठेवण्याबद्दल. कलम 170 म्हणतं, की ताब्यातल्या वस्तूवर तुम्ही मेहनत किंवा कसब खर्चून काम केलं असेल, तर त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती रोखून धरता येते. नुसतं चारापाणी करून हा हक्क मिळतो का, यावर वाद होऊ शकतो. जुन्या इंग्लिश निकालांत नुसत्या चरायला ठेवलेल्या गायींवर तो नाकारला गेला, पण घोड्याकडून भरवलेली घोडी मोबदल्यासाठी अडवण्याचा हक्क 1838 च्या स्कार्फ विरुद्ध मॉर्गन खटल्यात मान्य झाला. तुम्ही वीण केलीत, पिल्लांना लोहाची इंजेक्शनं दिलीत, आईवेगळी पिल्लं दुसऱ्या मादीला लावलीत. याला कसब म्हणायला मला अडचण दिसत नाही. मात्र हा हक्क त्याच कामाच्या पैशांपुरता असतो. मागच्या वर्षीच्या 4,000 साठी या वर्षीची मादी अडवता येणार नाही. आणि रोखून धरण्याच्या हक्कात विकण्याचा हक्क येत नाही.

इथवर बाजू बरी होती. पण दर सिद्ध व्हावा म्हणून तुम्ही जो व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट पाठवलात, त्यात दराच्या खाली आणखी एक ओळ आहे. मालक लिहितो, ‘पैसे पिल्लं विकली की देतो,’ आणि तुम्ही त्यावर होकाराचा, वर केलेला अंगठा टाकलाय. हा अंगठा महागात पडेल. कलम 170 खालचं शिंप्याचं उदाहरण पाहा : कोट शिवून होताच द्यायचा आणि पैशांना तीन महिन्यांची सवलत, असं कबूल करणाऱ्या शिंप्याला कोट अडवता येत नाही. तुम्हीही उधारी मान्य केलीत. मालकाच्या हातात पिल्लं गेल्याशिवाय तो विकणार कशी, आणि विकल्याशिवाय तुमचे पैसे देय होणार कसे? जनावरं सोडायला नकार दिल्यापासून त्यांना काही झालं, तर कलम 161 प्रमाणे जबाबदारी तुमच्यावर येईल. म्हणून माझा सल्ला, मादी आणि पिल्लं परत करा. याच आठवड्यात.

परत करताना दोन साक्षीदारांसमोर मोजणी करा, फोटो काढा, पोच सही घ्या. तुमच्या मादीखाली लावलेली सहा पिल्लं तिच्या स्वतःच्या पिल्लांत मिसळली असतील, तर कानाच्या खुणा आधी तपासा. कुणाची कुठली हे सांगता आलं नाही, तर कलम 157 खाली भरपाई तुमच्याच गळ्यात पडते.

मेलेल्या मादीचं प्रकरण मात्र नाजूक आहे. कलम 151 तुमच्याकडून एवढीच अपेक्षा ठेवतं, की समंजस माणूस स्वतःच्या जनावराची घेईल तितकी काळजी तुम्ही घ्यावी. ती घेतली असेल तर कलम 152 प्रमाणे नुकसानीला तुम्ही जबाबदार नाही. पण घेतली हे दाखवायचं तुम्हाला, आणि तुम्ही शवविच्छेदन न करताच तिला पुरलीत! पशुवैद्यकाला बोलावलं होतं का? औषधाची चिठ्ठी, फोनची नोंद, काहीही असेल ते जपा. कल्याणच्या हॉटेलांचं खरकटं आणून घालत असाल, तर ते उकळून घालत होतात का, हा प्रश्न समोरचा वकील विचारणारच. न उकळलेल्या खरकट्यातूनही पसरणारा डुकरांचा जीवघेणा रोग, आफ्रिकन स्वाइन फीव्हर, 2020 मध्ये ईशान्य भारतात शिरला, तेव्हापासून हा प्रश्न साधा राहिलेला नाही. या रोगाची शंका असेल तर 2009 च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याने कळवण्याची जबाबदारी जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावरही असते, फक्त मालकावर नाही. बाकी माद्यांना ताप असेल, कानांवर-पोटावर लाल-निळे डाग असतील, तर हे उत्तर बाजूला ठेवून आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

उलट बाजूही आहे. मादी आजारी आहे किंवा आधीच्या वेतात अडली होती, हे मालकाला ठाऊक असून त्याने लपवलं असेल, तर कलम 150 तुमच्या कामी येईल. चेंगरलेल्या चार पिल्लांची फार काळजी करत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत पिल्लं आईखाली जातात, हे डुकरं पाळणारा प्रत्येक जण जाणतो. पिल्लं चेंगरू नयेत म्हणून विणीच्या खणात भिंतीलगत आडवे पाइप लावले असतील, तर त्यांचा फोटो एवढा पुरावा पुष्कळ.

पोलिसांच्या धमकीने झोप उडवून घेऊ नका. हिशेबाचा वाद दिवाणी असतो. मात्र तुम्ही पिल्लं विकली असती, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली, म्हणजे विश्वासघाताने अपहार केल्याची तक्रार करायला त्याला आयतं निमित्त मिळालं असतं.

पैशांसाठी लेखी मागणी पाठवा, जुने 4,000 वेगळे दाखवा. दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. त्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. एवढ्या रकमेसाठी कोर्टाच्या तारखा घेत बसण्यापेक्षा तिथे दोघांना समोरासमोर बसवलेलं बरं. फोनमधली चॅट पुसू नका, चॅट कोर्टात पुरावा म्हणून दाखवायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागेल तेव्हा मूळ फोन हाताशी हवा.

पुढच्या मालकाकडून मादी घेताना एका पानावर लिहून घ्या : दर, मुदत, मादी किंवा पिल्लू मेलं तर काय, पशुवैद्यकाचा खर्च कुणाचा, आणि पूर्ण पैसे मिळाल्याशिवाय जनावर शेडबाहेर जाणार नाही. त्यावर दोघांच्या सह्या हव्यात, अंगठ्याचं चित्र चालणार नाही.